आतून बाहेर: गणेशोत्सव मंडळाच्या फायलींची नावं शेल स्क्रिप्टनं बदलताना

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मंडळाची हार्ड डिस्क माझ्याकडे आली, तेव्हा काम एका वाक्यात सांगितलं होतं: ‘नावं जरा एकसारखी करून दे.’ डिस्क उघडली तर वर्षांचे फोल्डर, त्यांत आरास, महाप्रसाद, विसर्जन, वर्गणी असे पोटफोल्डर, आणि त्यांच्या पोटात आणखी. दर दोन-तीन वर्षांनी कार्यवाह बदलत गेले आणि प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं नावं दिली. ‘गणपती २०१४’ देवनागरी आकड्यांत, पुढचं वर्ष रोमन, म्हणजे इंग्रजी आकड्यांत. ‘आरास फोटो’ एकदा एका स्पेसनं, एकदा दोन स्पेसनं. एका वर्षी तारीख आधी, तर दुसऱ्या वर्षी शेवटी.

हाताने बदलायचं म्हटलं तर महिना गेला असता. शेल स्क्रिप्टनं, म्हणजे एका फाइलमध्ये ओळीनं लिहून ठेवलेल्या कमांडनी, ते एका संध्याकाळचं काम आहे. पण तीच स्क्रिप्ट एका मिनिटात वीस वर्षांचे फोटो एकमेकांवर चढवूही शकते. म्हणून नाव बदलणारी ओळ या लेखात बरीच उशिरा येते.

एक गोष्ट आधी सांगतो. कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची. नाव बदलणारी ‘एमव्ही’ म्हणजे मूव्ह शब्दातली एम आणि व्ही ही दोन अक्षरं, ‘फाइंड’ म्हणजे शोधणं या अर्थाचा इंग्रजी शब्द जसाच्या तसा. स्क्रिप्टमधले आकडेही रोमन हवेत. बॅशमध्ये, म्हणजे या स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलमध्ये, व्हेरिएबलचं (मजकूर साठवायच्या डब्याचं) नाव देवनागरीत चालत नाही. त्यात साठवलेला मजकूर मात्र खुशाल मराठी असू द्या.

हात लावण्यापूर्वी

मूळ डिस्कवर काम करू नका. ‘सीपी -ए’ किंवा ‘आरसिंक -ए’ वापरून पूर्ण प्रत काढा आणि मूळ डिस्क कपाटात ठेवा. ‘ए’मुळे फायलींच्या तारखा टिकतात. जुन्या फोटोंच्या बाबतीत कधी कधी ती तारीख हाच एकमेव पुरावा असतो.

मग प्रतीतल्या प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा काढून एका यादीत ठेवा. लिनक्सवर त्यासाठी ‘शा२५६सम’ ही कमांड आहे. हा ठसा फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघतो, नावाशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणजे नावं बदलल्यावर पुन्हा ठसे काढले, दोन्ही याद्यांमधला फक्त ठशांचा रकाना सॉर्ट केला आणि ‘डिफ’नं ताडून पाहिला, तर एकही फरक दिसता कामा नये. नुसती फायलींची संख्या मोजणारे पुष्कळ भेटतात. संख्या जुळली तरी एखादी फाइल बिघडलेली असू शकते. ठसे जुळले तर ती शंका राहत नाही.

एकसारखं दिसतं ते एकसारखं नसतं

मराठी नावांच्या बाबतीत खरी मेहनत इथे आहे. इंग्रजी नावांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शकांत हा भाग सहसा नसतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

महाप्रसादाच्या स्वयंपाकाची बिलं दोन फोल्डरांत होती. दोन्हींचं नाव ‘आचाऱ्यांची बिले’. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत, तरी ते शेजारी शेजारी दिसत होते. कारण ‘ऱ्य’ लिहिण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य असं लिहिलं जातं. दुसऱ्यावर साधा र, हलंत, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक, मग य. तिसरी रीत म्हणजे र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिमवरून आलेल्या नावांत ही तिसरी रीत हमखास सापडते, कारण ती सिस्टिम नावं सुटी करून साठवायची. डोळ्यांना तिन्ही सारखीच. संगणकाला तिन्ही वेगळी.

हे बघायचं कसं? ‘एलसी_ऑल’ला (भाषा आणि लिपी ठरवणारं हे सेटिंग, मोठ्या अक्षरांत लिहायचं) सी ही किंमत (तीही मोठ्या अक्षरात) देऊन ‘एलएस -बी’ चालवा. मराठी अक्षरांच्या जागी तीन-तीन आकड्यांचे गट दिसतील, प्रत्येक अक्षरासाठी तीन गट. देवनागरी अक्षराची सुरुवात \३४०\२४४ किंवा \३४०\२४५ अशी होते. \३४२\२००\२१५ दिसलं तर तो अदृश्य जोडक. शेवटी \२१४ असेल तर तो त्याचा भाऊ, जोड तोडणारा. ऱ म्हणजे \३४०\२४४\२६१. साधा र म्हणजे शेवटी २६०, आणि नुक्ता म्हणजे शेवटी २७४.

अदृश्य अक्षरं दिसली की ती सरसकट पुसून टाकावीत असं वाटतं. थांबा. र, हलंत आणि जोडक यांतला जोडक पुसला तर उरतो रफार, आणि ‘आचाऱ्यांची बिले’चं होतं ‘आचार्यांची बिले’. स्वयंपाक्यांची बिलं गुरुजींच्या नावावर जातात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचंही तेच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ‘र, हलंत, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलंत’ ठेवा, मग ‘र, नुक्ता’च्या जागी ऱ, आणि त्यानंतरच उरलेले जोडक काढा. बॅशमध्ये ही अक्षरं डॉलर चिन्ह आणि एकेरी अवतरणात वरचे आकडे लिहून देता येतात. हलंत म्हणजे \३४०\२४५\२१५. ही पद्धत मॅकवरच्या जुन्या बॅश ३.२ मध्येही चालते.

नुक्त्याचा प्रश्न मोठा असेल तर ‘कॉन्व्हएमव्ही’ नावाचं तयार साधन आहे. त्याला ‘--एनएफसी’ दिलं की ते सुटी अक्षरं जोडतं. ‘--नोटेस्ट’ सांगेपर्यंत ते फक्त काय बदलेल ते दाखवतं, प्रत्यक्ष काही बदलत नाही. ही सवय मला इतकी पटली की माझी प्रत्येक स्क्रिप्ट मी तशीच लिहितो. जोडकाचा प्रश्न मात्र ते सोडवत नाही, कारण युनिकोडच्या नियमांनुसार जोडक असलेलं आणि नसलेलं नाव ही समतुल्य रूपं नाहीत. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

नियम ठरवा, कागदावर

नावं रोमन करावीत असा सल्ला तुम्हाला मिळेल. मला तो मान्य नाही. ही डिस्क उद्या चाळीतली मुलं उघडणार आहेत, आणि ‘विसर्जन’ शोधताना त्यांना चार प्रकारची स्पेलिंगं आठवावी लागू नयेत. शब्द मराठीच ठेवा. आकडे मात्र मी रोमन केले. कॅमेरे आणि स्कॅनर रोमन आकडेच देतात, आणि दोन्ही मिसळले की क्रम बिघडतो: साध्या बाइटच्या क्रमात रोमन आकड्यांची सगळी वर्षं आधी येतात आणि देवनागरी आकड्यांची सगळी नंतर. २०१४ साल २०१९च्या खाली जाऊन बसतं.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहा, महिना आणि दिवस दोन आकडी. २०१७ साली गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ५ सप्टेंबरला. दिवस आधी लिहिला तर विसर्जनाचे फोटो प्रतिष्ठापनेच्या आधी येतात. ‘२०१७-०८-२५’ आणि ‘२०१७-०९-०५’ असं लिहिलं की उत्सव ज्या क्रमानं झाला त्याच क्रमानं दिसतो.

मॅकवर ज्यांनी ‘१२/०९’ असं नाव दिलं असेल त्यांच्या फायली टर्मिनलमध्ये ‘१२:०९’ अशा दिसतील. मॅकचा फायली दाखवणारा प्रोग्राम, फाइंडर, तिरपी रेघ दाखवतो आणि आत विसर्गचिन्हासारखे दोन टिंब साठवतो. विंडोजला ते चिन्ह नावात चालत नाही, त्यामुळे अशी फाइल पेन ड्राइव्हवरून नेताना अडते. त्या जागी आडवी रेघ ठेवा.

लांबीकडेही लक्ष द्या. लिनक्सच्या ईएक्सटी४ सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलंत, अनुस्वार हे सगळे स्वतंत्रपणे मोजले जातात. ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ एवढ्यातच ६८ बाइट संपतात. पूर्ण मराठी नावाला फार तर ८५ चिन्हं मिळतात. विंडोजवर मर्यादा बाइटची नसून २५५ अक्षरचिन्हांची असते, म्हणून तिथे सुखानं बनलेलं नाव लिनक्सवर कॉपी होताना नाकारलं जातं. मंडळाचं नाव प्रत्येक फाइलला जोडू नका. सगळी डिस्क मंडळाचीच आहे.

खोली, मजला, इमारत

समजा चाळीच्या सगळ्या पाट्या बदलायच्या आहेत. इमारतीची पाटी आधी बदलली, तर जुना पत्ता घेऊन निघालेल्या पोस्टमनला आतली खोली सापडणार नाही. म्हणून आधी खोलीची पाटी, मग मजल्याची, शेवटी इमारतीची. पोटफोल्डरांचं अगदी तसंच आहे. माझ्या पहिल्या स्क्रिप्टनं वरून खाली काम केलं. वर्षाच्या फोल्डरचं नाव बदललं आणि त्याच्या आतल्या प्रत्येक फाइलसाठी ‘अशी फाइल नाही’ अशा ओळींचा पाऊस पडला.

फाइंड कमांडला ‘-डेप्थ’ सांगितलं की ती फोल्डरच्या आधी त्यातला सगळा ऐवज देते. माझी शोधाची ओळ अशी: फाइंड, मग एक टिंब, मग ‘-मिनडेप्थ १’, ‘-डेप्थ’ आणि ‘-प्रिंट०’. टिंब म्हणजे आपण उभे आहोत तो फोल्डर. मिनडेप्थमुळे तो स्वतः यादीत येत नाही. ‘-प्रिंट०’ प्रत्येक नावानंतर शून्य बाइट, म्हणजे शून्य किंमतीचा एक बाइट, टाकतं. फाइलच्या नावात स्पेस, टॅब, अगदी नवी ओळसुद्धा असू शकते. तिरपी रेघ आणि शून्य बाइट या दोनच गोष्टी असू शकत नाहीत. तिरपी रेघ पत्त्यात लागतेच, त्यामुळे दोन पत्त्यांमधलं कुंपण म्हणून शून्य बाइटच उरतो.

एखादा फोल्डर वगळायचा असेल तर ‘-प्रून’ वापरण्याचा मोह टाळा. ‘-डेप्थ’ बरोबर असताना प्रूनचा काहीही परिणाम होत नाही, कारण फोल्डरची पाळी येईपर्यंत आतलं सगळं आधीच बाहेर आलेलं असतं. त्याऐवजी ‘-नॉट -पाथ’ देऊन ते पत्ते गाळा.

ही यादी थेट एमव्हीला देऊ नका. फोल्डरांचं झाड हलत असताना, म्हणजे नावं बदलत असतानाच, फाइंडला त्यावर चढवलं की तेच नाव दोनदा भेटण्याची किंवा निसटण्याची शक्यता असते. आधी पूर्ण यादी एका फाइलमध्ये उतरवा, आणि ती फाइल त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा, नाहीतर तीही यादीत येईल.

आराखडा बनवणारी स्क्रिप्ट

या स्क्रिप्टमध्ये एमव्ही नाहीच. ती फक्त ‘जुना पत्ता, नवा पत्ता’ अशा जोड्या लिहिते.

‘व्हाइल’च्या लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्यांत, ‘रीड’नं एकेक पत्ता वाचा. रीडच्या आधी ‘आयएफएस’ (मजकूर कुठे तोडायचा ते सांगणारं व्हेरिएबल, हेही मोठ्या अक्षरांत) रिकामा ठेवा, म्हणजे नावाच्या टोकाच्या स्पेस गळत नाहीत. ‘-आर’ द्या, म्हणजे उलटी तिरपी रेघ जशीच्या तशी राहते. ‘-डी’ पुढे रिकामं अवतरण द्या, म्हणजे रीड शून्य बाइटपर्यंत वाचतं. ‘फॉर’ लूपमध्ये फाइंडचा निकाल सरळ ओतायची पद्धत बऱ्याच जागी दिसते. ती वापरली तर ‘गणपती २०१४’चे ‘गणपती’ आणि ‘२०१४’ असे दोन तुकडे होतात. याच कारणासाठी व्हेरिएबल जिथे जिथे वापराल तिथे ते दुहेरी अवतरणात ठेवा.

आता पत्त्याचे दोन भाग करा. शेवटच्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग म्हणजे आई-फोल्डर, नंतरचा भाग म्हणजे नाव. बॅशमध्ये महिरपी कंसात ‘%/*’ लावून पहिला आणि ‘##*/’ लावून दुसरा मिळतो. बदल फक्त नावाला करायचा, आई-फोल्डरला हात लावायचा नाही. आतून बाहेर चाललो आहोत, म्हणून या क्षणी आईचं नाव अजून जुनंच आहे आणि नवा पत्ताही जुन्या आईच्या आतच बनतो. हे एकदा नीट समजलं की बाकी सगळं सोपं आहे.

नावावरच्या क्रिया ठरलेल्या क्रमानं: ऱ आणि जोडक यांची वर सांगितलेली दुरुस्ती, मग आकडे, मग टोकाच्या स्पेस काढणं, मग मधल्या एक किंवा अनेक स्पेसच्या जागी एक अधोरेषा. आकड्यांसाठी ‘टीआर’ ही अक्षरं बदलणारी कमांड वापरू नका. लिनक्सवरची टीआर एकेक बाइट बघते, त्यामुळे तीन बाइटच्या देवनागरी आकड्याची ती मोडतोड करते. मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ या कमांडमधली ‘वाय’ ही क्रिया घ्या: एकीकडे दहा देवनागरी आकडे, दुसरीकडे दहा रोमन. लोकेल (‘एलसी_ऑल’नं ठरतं तेच सेटिंग) यूटीएफ-८ असल्याची खात्री करा. ते सी असेल तर दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून सेड तक्रार करतं.

फाइल असेल तर एक्स्टेंशन आधी बाजूला काढा आणि शेवटी परत जोडा. फोल्डरला हे करू नका. ‘क्र. ५ ची आरास’ अशा फोल्डरचा टिंबानंतरचा भाग एक्स्टेंशन समजला जाईल. टिंबानं सुरू होणाऱ्या फायलीही सोडून द्या, त्या बहुतेक मॅकनं स्वतःसाठी ठेवलेल्या असतात.

जुनं आणि नवं नाव सारखंच निघालं तर ती जोडी लिहूच नका. उरलेल्या जोड्या एका फाइलमध्ये शून्य बाइटनं वेगळ्या करून लिहा, आणि माणसानं वाचायची दुसरी प्रत टॅब घालून.

टक्कर

‘आरास १’ आणि ‘आरास_१’ ही दोन नावं नियम लावल्यावर एकच होतात. फायली असतील तर एमव्ही दुसरीला पहिलीवर चढवतं आणि काही बोलत नाही. फोल्डर असतील तर एक दुसऱ्याच्या पोटात जातो. माझे एका वर्षाच्या आरासेचे फोटो असेच गेले होते. मूळ डिस्क कपाटात होती म्हणून परत मिळाले.

म्हणून आराखड्यातले फक्त नवे पत्ते घ्या, सॉर्ट करा आणि ‘युनिक -डी’ला द्या. जे पत्ते दोनदा येतात तेवढेच ती दाखवते. दोन्ही कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल’ला सी द्या, म्हणजे तुलना बाइट पाहून होईल. यादीत एक जरी नाव आलं तर पुढे जाऊ नका. त्या दोन फोल्डरांत काय आहे ते उघडून बघा आणि हातानं निर्णय घ्या. आचाऱ्यांची दोन फोल्डरं इथेच पकडली गेली. एकात कच्ची बिलं होती, दुसऱ्यात पक्की. कोणतीही स्क्रिप्ट हे सांगू शकली नसती.

नवा पत्ता आधीपासून डिस्कवर आहे का, हेही ‘टेस्ट -ई’नं तपासा. मॅकवर छोटं-मोठं अक्षर एकच समजलं जातं. तिथे रोमन नावात फक्त अक्षराचा आकार बदलायचा असेल, तर मध्ये एक तात्पुरतं नाव देऊन दोन टप्प्यांत बदला.

मग आराखड्याची माणसाची प्रत छापा. मी ती आमच्या खजिनदार काकांना दिली. ते चाळीस वर्षं मंडळात आहेत. त्यांनी चष्मा लावून तीन संध्याकाळी ती वाचली आणि चौदा ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या. एका फोल्डरवरचं वर्षच चुकीचं होतं, आणि ते त्यांना फोटोतल्या मखरावरून ठाऊक होतं.

आता नावं बदला

दुसरी स्क्रिप्ट अगदी छोटी आहे. ती आराखडा वाचते आणि प्रत्येक जोडीसाठी ‘एमव्ही -एन --’ आणि मग दोन पत्ते देते. ‘-एन’मुळे असलेल्या फाइलवर दुसरी चढत नाही. दोन आडव्या रेघांमुळे रेघेनं सुरू होणारं नाव पर्याय समजलं जात नाही. लिनक्सवर ‘-टी’ (मोठ्या अक्षरात) जोडा, म्हणजे फोल्डर चुकून दुसऱ्याच्या पोटात जाणार नाही. ‘-एन’नं काम वगळलं तरी काही आवृत्त्या ते यशस्वी झाल्याचं कळवतात, म्हणून तिच्या उत्तरावर विसंबू नका. प्रत्येक एमव्हीनंतर जुना पत्ता खरंच नाहीसा झाला का ते तपासा. नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. जोडी पूर्ण झाली की ती एका नोंदवहीत लिहा.

हीच नोंदवही परतीचा रस्ता आहे. मागे फिरायचं असेल तर जोड्या एका अॅरेमध्ये (बॅशमधल्या क्रमवार यादीत) घ्या, शेवटच्या जोडीपासून पहिलीकडे या आणि प्रत्येक जोडीत नव्याचं जुनं करा. जाताना खोली, मजला, इमारत असा क्रम होता. येताना इमारत आधी, मग मजला, मग खोली. प्रत्यक्ष काम करण्यापूर्वी एका वर्षाच्या फोल्डरवर जाणं-येणं दोन्ही करून बघा.

‘रीनेम’ नावाची तयार कमांड का नाही, असं कोणी विचारेल. त्या नावाची दोन वेगवेगळी साधनं आहेत. डेबियन आणि उबुंटूवर सहसा पर्लवर चालणारी मिळते, फेडोरावर दुसरीच, आणि दोघींना नियम सांगण्याची रीत वेगळी. एकाच फोल्डरातल्या पन्नास फोटोंसाठी मी ती वापरतो. परतीचा रस्ता मात्र ती देत नाही.

नावं बदलून झाल्यावर ठसे पुन्हा ताडून पाहा. मग राहतात ते दुवे. आमच्या हिशेबाच्या एक्सेल वहीत प्रत्येक खर्चासमोर बिलाच्या स्कॅनची लिंक होती, आणि अर्थातच त्या सगळ्या तुटल्या. तिथे नोंदवही पुन्हा कामाला येते. फक्त एक अडचण आहे: नोंदवहीतला नवा पत्ता जुन्या आईच्या नावानं लिहिलेला असतो. म्हणून जुना पूर्ण पत्ता घेऊन त्याचा प्रत्येक तुकडा वरपासून खालपर्यंत बदलत न्यावा लागतो, तेव्हा खरा नवा पत्ता मिळतो. त्यासाठी मी एक तिसरी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि ‘जुनं, नवं’ अशी दोन रकान्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवली. नोंदवही, ठशांच्या दोन्ही याद्या आणि तिन्ही स्क्रिप्ट आता डिस्कवर ‘००_नावांची_नोंद’ या फोल्डरात आहेत, आणि काकांच्या पेन्सिलीच्या खुणांचा कागद स्कॅन करून त्यांच्याच शेजारी ठेवला आहे.